काट्यावर बसलेल्या ताई

"आधी हात टेकव, मग बोल."

ताई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. फरिदाबादच्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, मी नुकता रुजू झालो होतो. थिनरचे नमुने आणायला सॉल्व्हंट रूमच्या दाराशी गेलो, तर भिंतीवर तांब्याची हातभर पट्टी ठोकलेली आणि तिच्या शेजारी कमरेवर हात ठेवून एक ठेंगणीठुसकी बाई उभी. सुती सलवार-कमीज, वर निळा सुती कोट, केसांचा घट्ट अंबाडा. माझं ओळखपत्र वाचून त्यांनी मला थेट मराठीत दम दिला होता. दिल्लीकडे आल्यापासून घराबाहेर मराठी कानावर पडली नव्हती. मला इतका आनंद झाला की पट्टीला हात टेकवायचं सोडून मी तेच हात जोडले.

"नमस्कार नंतर," ताई म्हणाल्या. "पट्टी."

त्या आमच्या सेफ्टी ऑफिसर. कारखाना त्यांना मॅडम म्हणायचा, मी ताई म्हणू लागलो. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याची चाहूल लागली की लोक उगाचच खिसे चाचपतात, आपण काहीतरी विसरलोय असं वाटून. ताईंच्या बाबतीत ते खरंच असायचं. कोणाच्या खिशात मोबाइल निघे, कोणाच्या पायात साध्या चपला. सॉल्व्हंट रूममध्ये थिनरची वाफ असते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिला पेट घ्यायला अगदी बारीकशी ठिणगी पुरते. माणसाच्या अंगात नुसत्या चालण्याने वीज साचते. तांब्याची पट्टी जमिनीला जोडलेली, तिला हात लावला की ती वीज उतरून जाते. एवढं साधं गणित. पण ताईंनी ते गणित अंगात मुरवून घेतलं होतं.

म्हणजे असं, की त्या कुठेही आत जाताना आधी लोखंडाला हात टेकवत. बँकेचं शटर, बसचा दांडा, लग्नाच्या हॉलचं फाटक. त्या राहायच्या पहाडगंजला, वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे जन्मही तिथलाच आणि शाळाही तिथलीच, मराठी माध्यमाची. त्यांच्या गल्लीतल्या एका आजींनी त्यांना रोज जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावताना पाहिलं आणि यांनी काहीतरी व्रत धरलंय अशी समजूत करून घेतली. काही दिवसांनी आजीही हात लावू लागल्या. मग त्यांच्या सुनेने कठड्याला हळदीकुंकू लावलं. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या हसत नव्हत्या. "लागू दे की. कारण गलत आहे, पण आदत बिल्कुल सही आहे," असं त्यांचं मत.

त्यांचं मराठी हे असं होतं. वाक्याचा सांगाडा पुण्याचा आणि मांस करोलबागेचं. काही साधे शब्द त्यांना माहीतच नसायचे. सॉल्व्हंट रूमच्या दाराबाहेर जमिनीवर एक जाड पिवळी रेष होती, तिच्या आत साधी विजेची वस्तू न्यायची नाही असा नियम. मी एकदा सहज म्हटलं, "ताई, हा तुमचा उंबरठा." त्यांना शब्द माहीत नव्हता. चौखट म्हणायच्या त्या. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला आणि त्या दिवसापासून ती रेष उंबरठा झाली. बिहारच्या पोरांनासुद्धा त्या "उंबरठे के बाहर" म्हणायला लागल्या.

दिल्लीची थंडी फार कोरडी. डिसेंबरात नवीन भरती झाली की ताई सगळ्यांना ट्रेनिंग रूममध्ये नेत, पडदे लावून अंधार करत आणि कोणालातरी अंगातला ॲक्रिलिकचा स्वेटर झटक्यात काढायला लावत. अंधारात चट् चट् आवाज होई आणि त्याच्या बाहीवर निळ्या ठिणग्या नाचत. पोरं हसत, टाळ्या वाजवत. ताई दिवा लावत आणि शांतपणे विचारत, "अब यही स्वेटर पहनके थिनर के ड्रम के पास कौन जाएगा?" मग कोणी हसत नसे.

एवढं करूनही त्यांना रोज एक वाक्य ऐकावं लागे. "कुछ नहीं होता, मैडम." ड्रमला अर्थिंगची क्लिप न लावता ओतणारा म्हणे, कुछ नहीं होता. ओव्हरटाइमला कंटाळलेला सुपरवायझर म्हणे, इतने साल में कुछ हुआ क्या? ताईंचं उत्तर ठरलेलं असे. "नहीं हुआ. इसी की तनख्वाह लेती हूँ."

एका रविवारी आम्ही दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात थालीपीठ खायला गेलो होतो. ताईंनी अर्थात फाटकाला हात टेकवला होता. मी धीर करून विचारलं, "ताई, तुमच्या जवळचं कोणी गेलं का हो, आगीत?" कारखान्यात तशा बऱ्याच कहाण्या फिरत होत्या. कोणी नवऱ्याचं सांगे, कोणी भावाचं. ताई चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अरे, नवरा शुगरने गेला. भाऊ कॅनडात मजेत आहे. कोणी जळल्याशिवाय माणसाने काळजी करायची नाही का?"

त्यांनी माझ्या ताटातलं लोणी उचलून स्वतःच्या थालीपिठावर घेतलं आणि विषय संपवला.

या बाईत विसंगती नव्हती असं समजू नका. घरी त्यांच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असे, रबर लावलेला. फ्रिजच्या दारावरचा कंपनीचा प्लास्टिकचा पापुद्राही त्यांनी काढलेला नव्हता. मी चिडवलं तर म्हणाल्या, "घरी थिनर नाही, धूळ आहे." आणि दुसरी गोष्ट म्हणजे वजन. साऱ्या कारखान्याला शिस्त लावणारी ही बाई वर्षाच्या तपासणीत वजनाच्या मशीनवर डोळे मिटून उभी राही आणि नर्सला आधीच बजावे, लिही, पण बोलू नकोस. वजनाचा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही हे लॅबपासून गेटपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हे आत्ता सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

सॉल्व्हंट रूममध्ये जमिनीवर एक वजनकाटा होता. ड्रम त्याच्यावर ठेवून थिनर मोजून ओतायचं. तो खास काटा. त्याच्या आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये अशी त्याची घडण, आणि तसा दाखला कोरलेली पट्टी त्याच्या अंगावर. एका पावसाळ्याच्या शेवटी तो बिघडला. बनवणाऱ्या कंपनीने नवीन द्यायला काही आठवडे लागतील म्हणून कळवलं. आणि दिवाळी तोंडावर. दिवाळीला साऱ्या उत्तर हिंदुस्थानाला घरं रंगवायची असतात.

आमचे प्रॉडक्शन हेड भाटियासाहेब. माणूस वाईट नव्हता. पोरांच्या लग्नाला जाणारा, कोणाची आई आजारी असली तर स्वतःची गाडी देणारा. पण हेड ऑफिसचे फोन घेऊन घेऊन त्यांचा चेहरा उतरलेला. एका सकाळी त्यांनी पॅकिंग विभागातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा ट्रॉलीवर घालून मागवला. पिवळ्या रेषेच्या बाहेर तो उतरवून चालू केला, बरोबर दाखवतोय का पाहायला. आत रामसुमेर वाट बघत उभा. रामसुमेर म्हणजे आमचा ओतणारा, गोरखपूरकडचा, काडीसारखा बारीक माणूस. रोज आठ तास वाकून त्या काट्यावर तोंड धरायचं काम त्याचं. काही भलतं झालं असतं तर पहिला तोच गेला असता, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तो साहेबांपुढे काय बोलणार?

ताई आल्या. मीही नमुन्यांच्या बाटल्या घेऊन तिथेच होतो.

"बस दो हफ्ते, मैडम," भाटियासाहेब अजिजीने म्हणाले. "दिवाली का माल निकल जाए. ये भी बढ़िया काँटा है. पूरा स्टील, वॉटरप्रूफ."

"पानी अंदर नहीं जाएगा, ठीक है," ताई म्हणाल्या. "चिंगारी बाहर आएगी, उसका क्या? बटन दबाया, चिंगारी. चार्जर लगाया, चिंगारी. और भाटियाजी, थिनर की भाप भारी होती है, नीचे बैठती है. काँटा भी नीचे ही रहता है."

"एग्जॉस्ट तेज कर देंगे. कुछ नहीं होता."

ताईंनी वळून तांब्याच्या पट्टीला हात टेकवला, कमीज सावरली आणि सरळ जाऊन काट्यावर मांडी घालून बसल्या.

त्या काट्याला खांबावर मोठा दर्शक होता, छातीइतक्या उंचीवर, लाल आकड्यांचा. पार पॅकिंगपर्यंत दिसेल असा. ताईंचं वजन त्याच्यावर झळकलं. आकडा मी इथे लिहिणार नाही. त्या हे वाचतील आणि मला फोन येईल. पण कारखान्यात ज्याला ज्याला मान होती त्याने ती वळवून पाहिलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ताईंनीही मान वर करून आकडा पाहिला, बऱ्याच वर्षांनी पाहिला असावा, कारण कानापर्यंत लाल झाल्या.

"देख लो सब लोग," त्या मोठ्याने म्हणाल्या. "जितना है उतना है. पर ये काँटा अंदर नहीं जाएगा."

भाटियासाहेबांनी आधी हसून पाहिलं. मग समजावून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मैडम, आपकी एक्सटेंशन की फाइल मेरी टेबल पर पड़ी है." ताईंचं रिटायरमेंटचं वय होऊन गेलेलं, दर वर्षी मुदत वाढवून मिळायची. ती धमकी होती की विनवणी, हे त्या माणसालाही कळत नसावं. घामाघूम झाले होते ते.

"तो उसपे जो लिखना है लिखिए," ताई म्हणाल्या. "मैं यहीं बैठी हूँ."

आणि बसल्या. पाहता पाहता चहाची वेळ झाली. चहावाल्याने बिचकत बिचकत ग्लास पुढे केला. ताईंनी तो हातात घेतला तसा आकडा किंचित वाढला. चहा संपला तरी आकडा तोच राहिला. मी लॅबवाला, मला हसू आवरेना. ताई माझ्यावर डाफरल्या, "हसतोस काय? चहा कुठे जाणार मग?"

त्यांनी नुसता हट्ट धरला नव्हता. हा साधा काटा गेटजवळच्या उघड्या शेडमध्ये ठेवा, असं त्यांचं म्हणणं. ड्रमचं झाकण घट्ट बंद करून तिथे वजन करा, मग आत आणून ओता, पुन्हा झाकण लावून बाहेर नेऊन वजन करा. जेवढं कमी भरेल तेवढं ओतलं गेलं. भाटियासाहेब म्हणाले, यात दुप्पट काम आहे. ताई म्हणाल्या, "हाँ, डबल है. मैं कब बोली आसान है?"

साहेबांनी एकदा पिवळ्या रेषेकडे पाहिलं. मग ट्रॉलीवाल्याला म्हणाले, "शेड में ले जाओ."

आता ताईंना उठता येईना. मांडी घालून गुडघा आखडला होता. भाटियासाहेब हात द्यायला पुढे झाले, मधेच थांबले, मागे वळून पट्टीला हात टेकवून आले आणि मग त्यांनी ताईंना उठवलं. मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला.

नंतर मी ताईंना विचारलं, "काटा तर रेषेच्या बाहेर होता. बसायच्या आधी पट्टीला हात कशाला लावलात?" त्या म्हणाल्या, "यार, मला राग आला होता ना. राग आला की माणूस पहिलं हेच विसरतो. म्हणून रागातच टेकवायचा."

पुढचे कित्येक दिवस ड्रम शेडमधून आत आणि आतून शेडमध्ये जात राहिले. पोरं कुरकुरली. रामसुमेर मात्र एकदाही कुरकुरला नाही. ताई स्वतः ट्रॉलीला हात लावायच्या, भाटियासाहेबांनी दोन जास्तीची माणसं दिली. दिवाळीचा माल थोडा उशिरा गेला, पण गेला.

नवा खास काटा आला तो विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी. इकडच्या कारखान्यांत ही पूजा दिवाळीनंतर करतात, मोठा सण असतो तो. यंत्रांना झेंडू, टिळा, उदबत्ती, आरती. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या तर पोरांनी काटा आत नेण्याची सगळी तयारी केलेली. काट्यावरचं चकचकीत प्लास्टिक तसंच ठेवलेलं, डाग पडू नयेत म्हणून, वरून झेंडूच्या माळा आणि रामसुमेरच्या हातात पेटती आरती. मिरवणूक पिवळ्या रेषेपासून चार हातांवर. इतक्या प्रेमाने सजवून त्याने ती आग आत नेली असती.

ताई धावल्या. मी त्यांना धावताना पाहिलं ते तेवढंच.

ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी रामसुमेरच्या हातून आरती हळूच काढून घेतली आणि उलट दिशेने चालू लागल्या. सगळे त्यांच्या मागे. पार मोकळ्या पटांगणात त्यांनी काटा आणवला. "भगवान को यहाँ बुलाओ, आ जाएँगे," म्हणाल्या. आरती झाली, बुंदी वाटली. मग ताई काट्यावरचं प्लास्टिक सोलायला बसल्या. प्लास्टिक ओढलं की त्याच्यात वीज साचते, म्हणून तेही बाहेरच. ते काढताना रामसुमेरचा चेहरा अगदी पडला. नवी वस्तू उघडी करायची म्हणजे त्याला ती जुनी केल्यासारखं वाटत असणार. ताईंना ते कळलं. रिमोट पिशवीत ठेवणारी बाई ती, तिला नाही कळणार तर कोणाला?

"मुझे भी बुरा लग रहा है," त्या त्याला म्हणाल्या. "पर निकालना पड़ेगा."

त्या वर्षी ताईंची मुदत वाढली. पुढच्या वर्षी वाढली नाही. भाटियासाहेबांनी वर शिफारस लिहिली होती म्हणतात, हेड ऑफिसला तरुण माणूस हवा होता म्हणतात. ताईंनी चौकशी केली नाही. निरोपाला समोसे होते, शाल होती, भाषणं होती. सगळं संपल्यावर त्या सॉल्व्हंट रूमपाशी गेल्या. पट्टीला हात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि आत न जाताच परत फिरल्या. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. मला त्यांची आठवण रोज येते, हे साधं वाक्यसुद्धा मी त्यांना आजवर बोललेलो नाही.

आता त्या हैदराबादला मुलीकडे असतात. नवीन सेफ्टी ऑफिसर आला, तो दोन कारखाने सांभाळतो, आठवड्यातले काही दिवस आमच्याकडे असतो. बरा आहे.

यंदाच्या दिवाळीआधी काटा पुन्हा बिघडला. ऑफिसर नेमका दुसऱ्या कारखान्यात. आणि मी बाटल्या घेऊन जातो तो काय, पिवळ्या रेषेबाहेर तीच ट्रॉली, तोच पॅकिंगचा साधा काटा, तेच लाल आकडे, आणि फोन कानाला लावलेले भाटियासाहेब. फोनवर कोणालातरी सांगत होते, आज चालू होईल, आजच.

रामसुमेर सॉल्व्हंट रूममधून बाहेर आला. त्याने पट्टीला हात टेकवला आणि जाऊन काट्यावर मांडी घालून बसला.

आकडा जेमतेम होता बिचाऱ्याचा. मग दुसरा ओतणारा आला, तो त्याच्या शेजारी बसला. मग तिसरा. चौथ्याला जागा नव्हती, तो रामसुमेरच्या खांद्यांना धरून काठावर उभा राहिला. एरवी सुट्टीसाठी सुपरवायझरसमोर मान खाली घालणारी माणसं ही. त्यांचे चेहरे पांढरे पडले होते, पण उठेना कोणी.

भाटियासाहेबांनी फोन खाली घेतला. चौघांकडे पाहिलं, दर्शकाकडे पाहिलं. नुकतेच झोपेतून जागे झाल्यासारखे दिसत होते.

"उठो भाई, उठो," ते शेवटी म्हणाले. "शेड में ही लगाते हैं."

मी जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर येऊन ताईंना फोन लावला. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं, लाइन कटली.

"ताई? ऐकताय ना?"

"बसायच्या आधी हात टेकवला का त्याने?"

"टेकवला. चौघांनीही टेकवला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"अच्छा," ताई म्हणाल्या. "मग मी आज रिटायर झाले."